एकोणसाठ मते

२३ जुलै १९७५ रोजी लोकसभेने आणीबाणीच्या उद्घोषणेला मान्यता दिली. ठरावाच्या बाजूने ३३६ मते पडली, विरोधात ५९. आदल्या दिवशी राज्यसभेत हाच ठराव १३६ विरुद्ध ३३ मतांनी संमत झाला होता. त्या काळावरच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात हे आकडे येतात आणि एका वाक्यात उरकले जातात. ते स्वाभाविकही आहे, कारण निकाल आधीच ठरलेला होता. पण संसदीय लोकशाहीत विरोधी पक्षाचे काम काय, हा प्रश्न एखाद्या प्रत्यक्ष प्रसंगावर घासून पाहायचा असेल, तर जिंकण्याची शक्यता शून्य असलेला प्रसंगच त्याला बरा. म्हणून या चार आकड्यांपैकी एकच घेऊन बसावे असे वाटते. एकोणसाठ जणांना त्या आठवड्यात काय करता आले, काय करू दिले गेले नाही, आणि त्यांचे म्हणणे आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने आले?

आधी तो आकडा तपासू. लोकसभेत मतविभागणी झाली की अध्यक्ष जो निकाल जाहीर करतात तो ‘दुरुस्तीच्या अधीन’ असतो. कोणाचे बटण चुकीचे दाबले जाते, कोणाचे मत यंत्रात उमटत नाही. अशा सदस्यांची नावे कामकाजाच्या छापील खंडात तळटिपेत येतात. त्यामुळे ५९ हा जाहीर झालेला आकडा आहे, एवढेच काटेकोरपणे म्हणता येते. दोन्ही बाजूंची बेरीज ३९५ होते. पाचव्या लोकसभेसाठी १९७१ साली ५१८ जागांवर निवडणूक झाली होती. म्हणजे सव्वाशेच्या आसपास सदस्यांनी मत दिले नाही. ते सगळे तुरुंगात होते असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा. कोणत्याही मोठ्या मतविभागणीत आजारी, परगावी असलेले, मुद्दाम तटस्थ राहिलेले आणि रिक्त जागांचे असे गैरहजर असतातच. शिवाय काँग्रेसने १९७१ मध्ये ३५२ जागा जिंकल्या होत्या आणि भारतीय कम्युनिस्ट पक्षाने, ज्याने आणीबाणीला पाठिंबा दिला, २३. पुढच्या चार वर्षांत पोटनिवडणुकांनी हे बळ बदलले असले, तरी अंदाजापुरते धरले तर सरकारच्या बाजूचेही बरेच जण ३३६ मध्ये नाहीत हे उघड दिसते. गैरहजेरी दोन्हीकडची आहे. कारणे मात्र निराळी.

न पडलेल्या मतांपैकी एकाचे कारण कागदावर स्वच्छ सापडते. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरवली. २४ जूनला सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निकालाला सशर्त स्थगिती दिली. त्यानुसार पंतप्रधानांना सभागृहात बसता येत होते, बोलता येत होते, पण लोकसभेच्या सदस्य म्हणून मत देता येत नव्हते. त्या अधिवेशनात त्या बोलल्या. तेव्हा ३३६ मध्ये त्यांचे मत नाही, हा निष्कर्ष न्यायालयाच्या आदेशावरून काढता येतो. ज्या उद्घोषणेचा सल्ला त्यांनी राष्ट्रपतींना दिला, तिच्यावर मत देण्याचा हक्क सभागृहात ज्या मोजक्या हजर व्यक्तींना नव्हता त्यांत त्या स्वतः होत्या.

मुळात हे अधिवेशन बोलवावे का लागले? घटनेच्या ३५२व्या अनुच्छेदाच्या तेव्हाच्या मजकुरानुसार उद्घोषणेला दोन महिन्यांच्या आत दोन्ही सभागृहांची मान्यता लागत असे. नाहीतर ती आपोआप संपत असे. उद्घोषणेवर राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांची सही २५ जूनच्या रात्री झाली. म्हणजे ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्याआधी संसद भरवणे सरकारला भाग होते. वृत्तपत्रे गप्प होती, सभा-मिरवणुका बंद होत्या, न्यायालयांची दारे एकेक करून मिटत होती. तरी ही एक जागा अशी राहिली होती की जिथे सरकारला विरोधकांसमोर उभे राहणे टाळता येत नव्हते. पाचव्या लोकसभेचे चौदावे अधिवेशन २१ जुलैला सुरू झाले.

पण समोर उभे राहायला विरोधक होते किती? येथे पुराव्याचे तीन निरनिराळे प्रकार हाताशी आहेत आणि तिघांचे वजन सारखे नाही.

पहिला प्रकार नियमांचा. लोकसभेच्या कामकाजाच्या नियमावलीतील २२९व्या नियमानुसार एखाद्या सदस्याला अटक किंवा स्थानबद्ध केल्यास संबंधित अधिकाऱ्याने अध्यक्षांना ताबडतोब कळवायचे असते. कारण काय, ठेवले कुठे, हेही सांगायचे असते. सभागृह चालू असेल तर अध्यक्ष ते वाचून दाखवतात, नसेल तर ते संसदीय बुलेटिनमध्ये छापले जाते. ही नोंद खुद्द अटक करणाऱ्या यंत्रणेकडून येत असल्यामुळे ती विरोधकांची अतिशयोक्ती म्हणून बाजूला सारता येत नाही. सरकारने सदस्यांना अंधारात ठेवायचे ठरवले तरी नियमाप्रमाणे त्यांची नावे अध्यक्षांच्या टेबलावर पोहोचायलाच हवीत.

दुसरा प्रकार आठवणी आणि रोजनिशांचा. लालकृष्ण अडवाणींची तुरुंगातील रोजनिशी १९७८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत २६ जूनच्या सकाळची हकीकत आहे. अडवाणी, अटलबिहारी वाजपेयी, श्यामनंदन मिश्र आणि राजापूरचे खासदार मधू दंडवते हे चौघेही त्या दिवशी बंगळूरला होते. पक्षांतरबंदीच्या विधेयकावर विचार करणाऱ्या संसदेच्या संयुक्त समितीच्या बैठकीसाठी ते तिथे गेले होते. म्हणजे संसदेच्या कामासाठी, संसदेने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून गेलेले चार विरोधी खासदार तिथूनच स्थानबद्ध झाले. रोजनिशी ही एका बाजूच्या माणसाची असते, छापताना तिच्यावर हात फिरलेला असू शकतो. पण ही बाब दंडवत्यांच्या आठवणींशी आणि न्यायालयातल्या अर्जांशीही जुळते, म्हणून ती निश्चित मानायला हरकत नाही.

तिसरा प्रकार भाषणाचा. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे नेते ए. के. गोपालन यांना अटक करून आठवडाभराने सोडले होते. २१ जुलैला ते लोकसभेत उभे राहिले आणि त्यांनी सुरुवातच संख्येने केली: संसदेचे चौतीस सदस्य येथे नाहीत, आणि ते स्वतःच्या इच्छेने गैरहजर नाहीत. हा आकडा किती धरावा? बोलणारा पक्षकार आहे. पण तो समोर बसलेल्या मंत्र्यांच्या तोंडावर, कामकाजात छापले जाणार हे जाणून बोलतो आहे. चूक असती तर ती दुरुस्त करण्याची सर्वांत सोयीची जागा तीच होती. म्हणून हा आकडा विश्वासार्ह वाटतो. त्याचा उपयोग मात्र जपून करायला हवा. गोपालन ‘संसदेचे सदस्य’ म्हणतात, लोकसभेचे नव्हे. त्यात राज्यसभेचेही आले. अडवाणी स्वतः राज्यसभेतले. तेव्हा हे चौतीस वर सांगितलेल्या सव्वाशेतून सरळ वजा करता येत नाहीत.

आता एक उलटा हिशेब करून पाहू. समजा ते चौतीसही लोकसभेतले होते आणि सगळ्यांना सोडले असते. विरोधातली मते ५९ ऐवजी ९३ झाली असती. ठराव तरीही दणदणीत बहुमताने संमत झाला असता. आजच्या घटनेनुसार अशा ठरावाला सभागृहाच्या एकूण संख्येचे बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश बहुमत लागते. या दोन्ही कसोट्यांवरही ३३६ पुरेसे ठरले असते. मग सरकारने या माणसांना सभागृहाबाहेर ठेवण्याची तसदी का घेतली? मतांची भीती हे कारण असू शकत नाही, हे गणितच सांगते. उत्तराची दिशा त्या अधिवेशनातल्या अगदी पहिल्या सरकारी प्रस्तावात दिसते.

तो प्रस्ताव संसदीय कामकाजमंत्री के. रघुरामय्या यांनी मांडला. या अधिवेशनात फक्त तातडीचे सरकारी कामकाज घ्यावे. प्रश्नोत्तरांचा तास, लक्षवेधी सूचना, खासगी सदस्यांचे कामकाज, सदस्यांच्या पुढाकाराने येणारे बाकीचे सारे बंद ठेवावे, आणि त्यासाठी संबंधित नियम स्थगित व्हावेत. नियम स्थगित करण्याची तरतूद नियमावलीत आहे, ३८८व्या नियमात. पण त्या नियमाची भाषा सभागृहापुढच्या एखाद्या विशिष्ट प्रस्तावापुरता नियम बाजूला ठेवण्याची आहे. एका अधिवेशनापुरती विरोधकांची सगळी हत्यारे एकदम काढून घेणे हा त्या भाषेचा ताणलेला अर्थ होता, असे माझे मत आहे. प्रस्ताव बहुमताने संमत झाला.

येथे थोडे थांबायला हवे, कारण या प्रकरणातला खरा व्यवहार येथेच झाला. चर्चा बंद केली गेली नाही. विरोधकांना आणीबाणीच्या ठरावावर बोलू दिले गेले, कडाडून बोलू दिले गेले. बंद केले ते प्रश्न. भाषणाला मंत्री भाषणाने उत्तर देऊ शकतो, किंवा देतही नाही. तारांकित प्रश्नाला मात्र खात्याला फाइल काढून लेखी उत्तर तयार करावे लागते, त्यावर पुरवणी प्रश्न येतात, आणि खोटे उत्तर दिल्यास हक्कभंग ओढवतो. सरकारला जाहीर निषेधापेक्षा या चौकशीची अडचण अधिक वाटली, असा निष्कर्ष मी यातून काढतो. तो अनुमानाचाच आहे. पण त्याला एक भक्कम आधार पुढे, तीन वर्षांनी, मिळाला.

त्याच २१ जुलैला गृहखात्याने ‘आणीबाणी का?’ या आशयाची पुस्तिका संसदेच्या पटलावर ठेवली. बिहार-गुजरातमधली आंदोलने, जानेवारी १९७५ मधील रेल्वेमंत्री ललित नारायण मिश्र यांची हत्या, सरन्यायाधीश अजितनाथ राय यांच्यावरचा हल्ल्याचा प्रयत्न, २५ जूनच्या रामलीला मैदानावरील जयप्रकाश नारायण यांचे भाषण, असा घटनाक्रम मांडून देशाची अंतर्गत सुरक्षितता धोक्यात आल्याचे तीत सांगितले होते. ही पुस्तिका आणि न्यायमूर्ती जे. सी. शहा आयोगाचा अहवाल शेजारी ठेवून वाचावेत. आयोग २८ मे १९७७ ला नेमला गेला. त्याचे तीन भाग ११ मार्च, २६ एप्रिल आणि ६ ऑगस्ट १९७८ रोजी सादर झाले. आयोगाने जे विचारले ते अगदी साधे होते: उद्घोषणेपूर्वी गुप्तवार्ता विभागाने असा काही धोका कळवला होता का? गृहखात्याने चिंता व्यक्त केली होती का? राज्यांकडून येणाऱ्या नेहमीच्या अहवालांत काय होते? सरकारी कागदांतून निघालेले उत्तर असे की १२ ते २५ जून या काळात आणीबाणीची गरज दाखवणारा अहवाल गुप्तवार्ता विभागाने दिलेला नव्हता, आणि गृहखात्यातल्या वरिष्ठांना निर्णयाची कल्पनाही आधी नव्हती.

हे प्रश्न आयोगाला सुचले, पण त्यांत असे काही नाही की जे मधू लिमये किंवा दंडवते यांच्यासारख्या प्रश्नोत्तरांच्या तासात मुरलेल्या खासदाराला जुलै १९७५ मध्ये सुचले नसते. ‘गुप्तवार्ता विभागाचा शेवटचा अहवाल कोणत्या तारखेचा?’ एवढा एक ओळीचा प्रश्न पुरे होता. विचारणारे तुरुंगात होते आणि विचारण्याचा तास स्थगित होता. ते असते आणि तास असता, तर मंत्र्यांनी खरे उत्तर दिले असते का, हे अर्थात सांगता येत नाही. पण टाळाटाळीचीसुद्धा तारखेसह नोंद राहिली असती.

शहा आयोगाच्या अहवालातली आणखी एक गोष्ट २१ ते २३ जुलैच्या कामकाजावर उजेड टाकते. राष्ट्रपतींना सल्ला देताना पंतप्रधानांनी मंत्रिमंडळाला विचारले नव्हते. सरकारी कामकाजाच्या नियमांतील अपवादाचा आधार घेऊन राष्ट्रपतींना पत्र गेले, आणि मंत्रिमंडळाची बैठक २६ जूनच्या सकाळी सहाला, सही झाल्यानंतर झाली. लोकसभेत मान्यतेचा ठराव मांडला तो जगजीवन राम यांनी. या दोन नोंदी जोडल्या की असे दिसते: जो निर्णय सभागृहाने मान्य करावा असे ते ज्येष्ठ मंत्री सांगत होते, तो त्यांना स्वतःला झाल्यावर कळला होता. जुलैत सभागृहापुढे ही बाब मांडता येईल असा कोणताही कागद विरोधकांच्या हाती नव्हता. परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाणही त्याच मंत्रिमंडळात होते.

विरोधकांनी जे म्हटले ते बाहेर कसे गेले? जवळजवळ गेलेच नाही. सेन्सॉरने संसदेच्या वृत्तांकनासाठी वेगळ्या सूचना काढल्या होत्या. मंत्र्यांची निवेदने पूर्ण किंवा संक्षेपाने छापायला परवानगी होती. चर्चेत भाग घेणाऱ्या सदस्यांची भाषणे कोणत्याही स्वरूपात छापायची नव्हती. नाव आणि पक्ष तेवढा देता येत होता. मतविभागणीचे आकडे जसेच्या तसे द्यायला हरकत नव्हती. जनता सरकारने ऑगस्ट १९७७ मध्ये माध्यमांच्या गैरवापरावर श्वेतपत्रिका काढली, तेव्हा या यंत्रणेचे तपशील उजेडात आले. त्या सूचना हाताशी ठेवून त्या आठवड्याची वृत्तपत्रे वाचली की त्यांचा चमत्कारिक आकार समजतो: अमुक पक्षाचे अमुक बोलले, आणि पुढे काहीच नाही. म्हणून ५९ हा आकडा दुसऱ्या दिवशी देशाला कळू शकत होता, पण त्या एकोणसाठांपैकी एकाचेही कारण कळू शकत नव्हते. वृत्तपत्रात नाव आणि संख्या, लोकसभेच्या छापील खंडात शब्द. दोन्ही एकत्र केल्याशिवाय तो दिवस पुरा होत नाही.

त्या शब्दांत पुण्याचे मोहन धारिया आहेत. जयप्रकाशजींशी बोलणी करावीत असा आग्रह धरल्याबद्दल मार्च १९७५ मध्ये त्यांना मंत्रिमंडळातून काढले होते. या चर्चेत त्यांनी २६ जून हा भारतीय लोकशाहीतला सर्वांत काळा दिवस ठरवला. धारिया निवडून आले होते सत्ताधारी पक्षाच्या तिकिटावर. उलट भारतीय कम्युनिस्ट पक्ष विरोधी बाकांवर असून ठरावाच्या बाजूने होता. तेव्हा ‘विरोधी पक्ष’ म्हणून जे आपण सरसकट बोलतो, त्याची सीमारेषा त्या दिवशी बाकांच्या मांडणीप्रमाणे पडली नव्हती. राज्यसभेत समाजवादी ना. ग. गोरे विरोधात उभे होते.

आणि होते पुरुषोत्तम गणेश मावळंकर. अहमदाबादचे अपक्ष खासदार, राज्यशास्त्राचे प्राध्यापक. १९७२ च्या पोटनिवडणुकीत ते आले. कोणत्याही पक्षाचा व्हिप नाही, मागे गट नाही. आणीबाणीच्या काळातली त्यांची लोकसभेतली भाषणे १९७९ मध्ये ‘नो, सर’ या नावाने पुस्तकरूपात आली. त्यांचे वडील गणेश वासुदेव मावळंकर हे लोकसभेचे पहिले अध्यक्ष. गुजरातेत रुजलेले हे मराठी घराणे. थोरल्या मावळंकरांनी १९५० च्या दशकात दोन गोष्टी केल्या ज्यांचा या प्रकरणाशी थेट संबंध येतो. संसद टाळून वटहुकूम काढण्याच्या सवयीबद्दल त्यांनी नेहरू सरकारला पत्रे लिहून हरकत घेतली. आणि सभागृहाच्या गणसंख्येइतके, म्हणजे एकदशांश, सदस्य असल्याशिवाय कोणत्याही गटाला विरोधी ‘पक्ष’ म्हणून मान्यता द्यायची नाही, असा दंडक घातला. त्या दंडकामुळे पाचव्या लोकसभेत मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नव्हता. १९७१ मध्ये विरोधकांतला सर्वांत मोठा गट मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचा, पंचवीस जणांचा. पाहिजे होते बावन्न. वडिलांच्या नियमाप्रमाणे मुलगा ज्या बाजूला बसत होता तिला अधिकृत नेताच नव्हता.

२३ जुलैनंतर बहुतेक विरोधी पक्षांनी उरलेल्या अधिवेशनावर बहिष्कार घातला. त्यांचे म्हणणे समजण्यासारखे आहे: प्रश्न विचारता येत नाहीत, बोललेले छापले जात नाही, सहकारी तुरुंगात आहेत, मग हजेरीने केवळ शोभा वाढते. इतिहासाच्या दृष्टीने पाहता मात्र मला हा निर्णय महागात पडलेला दिसतो. कारण सर्वांत गंभीर कामकाज त्यानंतर झाले. आणीबाणीच्या उद्घोषणेला न्यायालयात आव्हान देता येऊ नये अशी ३८वी घटनादुरुस्ती. तिला १ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. मग ३९वी. पंतप्रधानांच्या निवडणुकीचा वाद न्यायालयांच्या कक्षेतून काढून घेणारे हे विधेयक मुंबईचे खासदार आणि कायदामंत्री ह. रा. गोखले यांनी ७ ऑगस्टला लोकसभेत मांडले आणि त्याच दिवशी ते संमत झाले. ८ ला राज्यसभा, लगेच राज्यांच्या विधानसभांची विशेष अधिवेशने, १० ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती. सर्वोच्च न्यायालयात पंतप्रधानांच्या अपिलाची सुनावणी ११ ऑगस्टला होती. चार दिवसांत घटना बदलली, आणि छापील खंडांत नेमके येथेच विरोधी युक्तिवाद विरळ आहेत. रिकामी बाके निषेध नोंदवतात. कलमावार आक्षेप नोंदवत नाहीत.

तो युक्तिवाद मग न्यायालयाच्या कागदांत शोधावा लागतो. पंतप्रधानांच्या निवडणुकीला आव्हान देणाऱ्या राज नारायण यांच्या वतीने शांतिभूषण यांनी मांडलेला एक मुद्दा असा की ज्या अधिवेशनातून सदस्यांना बेकायदा स्थानबद्ध करून दूर ठेवले, ते अधिवेशनच वैध नव्हे, आणि त्याने केलेली घटनादुरुस्तीही नव्हे. ७ नोव्हेंबर १९७५ च्या निकालात न्यायालयाने हा मुद्दा फेटाळला. प्रतिबंधक स्थानबद्धतेपासून सदस्याला विशेषाधिकाराचे संरक्षण नाही, आणि सदस्यांच्या गैरहजेरीची तक्रार सभागृहाने करायची असते, असा त्याचा रोख. मात्र वेगळ्या कारणाने ३९व्या दुरुस्तीतले पंतप्रधानांच्या निवडणुकीला कवच देणारे कलम त्याच निकालात रद्द झाले. मुद्दा हरला तरी त्याने एक काम केले: विरोधी सदस्यांची सक्तीची अनुपस्थिती देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात शब्दबद्ध झाली.

बाकीची दारेही बंद झाली. ८ डिसेंबर १९७५ च्या वटहुकमाने १९५६ चा संसदीय कामकाजाच्या प्रसिद्धीला संरक्षण देणारा कायदा रद्द केला. तो फिरोज गांधींनी खासगी विधेयक म्हणून आणून संमत करवून घेतला होता. हा कायदा गेल्यावर संसदेत झालेले भाषण प्रामाणिकपणे छापणाऱ्या संपादकालाही खटल्याची भीती राहिली. लोकसभेची पाच वर्षांची मुदत मार्च १९७६ मध्ये संपत होती, ती कायद्याने वाढवण्यात आली. मतदारांनी पाच वर्षांसाठी निवडले होते, एवढ्या कारणावरून मधू लिमये आणि तरुण शरद यादव या दोघांनी तुरुंगातून राजीनामे दिले. सभागृहात शिरता येत नसलेल्या सदस्याला अध्यक्षांपर्यंत पोहोचवता येईल असा तो एकच कागद उरला होता.

१९७७ नंतरच्या दुरुस्त्यांमध्ये या सगळ्याचे पडसाद शोधता येतात. फिरोज गांधींचा कायदा परत आला आणि ४४व्या घटनादुरुस्तीने त्याचे तत्त्व ३६१-अ या अनुच्छेदात घातले. मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय हाती आल्याखेरीज राष्ट्रपतींनी उद्घोषणा करू नये असे बंधन आले; २६ जूनच्या सकाळच्या बैठकीची सावली त्यावर स्पष्ट आहे. १९७७ मध्येच विरोधी पक्षनेत्याच्या पदाला कायद्याने दर्जा आणि वेतन मिळाले. त्या वर्षी लोकसभेत त्या खुर्चीवर यशवंतराव चव्हाण होते.

४४व्या दुरुस्तीनेच अनुच्छेद ३५२ मध्ये आठवे उपकलम घातले, आणि ते वाचताना जुलै १९७५ चा आकडा पुन्हा समोर येतो. लोकसभेच्या एकूण संख्येच्या किमान एकदशांश सदस्यांनी सही करून नोटीस दिली, तर चौदा दिवसांच्या आत सभागृहाची विशेष बैठक बोलवावीच लागते, आणि त्या बैठकीत साध्या बहुमताने उद्घोषणा नामंजूर करता येते. एकदशांश हे प्रमाण थोरल्या मावळंकरांच्या दंडकातलेच. दोन्हींचा थेट संबंध होता असे मी म्हणत नाही. परंतु पंचवीस-तेवीसच्या विखुरलेल्या गटांना जो उंबरठा ओलांडता येत नव्हता, तो येथे पक्षाचे नाव न विचारता ठेवला आहे. जुलै १९७५ च्या लोकसभेत त्याचा अर्थ बावन्न-त्रेपन्न सह्या. विरोधात मते पडली होती एकोणसाठ.

उपकलमाचे शब्द आणखी एका गोष्टीसाठी पाहण्यासारखे आहेत. नोटीस लेखी आणि सहीची हवी, इतकेच ते मागतात; सही करणाऱ्याने सभागृहात हजर असावे अशी अट त्यात नाही. स्थानबद्ध सदस्याने कोठडीतून पाठवलेली सही त्या संख्येत धरली जाईल का, याचा निर्णय कोणत्याही न्यायालयाने किंवा अध्यक्षांनी अजून दिलेला नाही. ही तरतूद लागू झाल्यापासून देशात ३५२ खालची उद्घोषणाच झालेली नाही.